तांबडं रान, काळं रान आणि आपली फोर बाय फोर

बेळगावातून गाडी काढली की तासाभराच्या आत दोन वेगळ्या मुलखांत जाता येतं. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे निघालात तर तांबडी माती, जांभा दगड, भाताची खाचरं आणि पावसाळ्यात रस्त्यावरून वाहणारे ओहोळ. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळं रान. उन्हाळ्यात त्याला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात चपलेला किलोभर चिखल चिकटतो. गाडी तीच, टायर तेच, चालवणारा तोच. तरी एका बाजूला हसत निघालेला माणूस दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर शोधत फिरतो. गाडीत काय काय बसवावं याची चर्चा आपल्याकडे खूप होते. मातीची कोणी करत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करणार आहे.

कच्च्या वाटेवर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी गाडी, कशी चालवायची ते लिहितोय, आणि लिहितोय ते कंपनीतून आली तशी थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जिप्सी बाळगणाऱ्यांसाठी. फार तर टायर बदललेले असतील. चार इंच उचललेली, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) लावलेली गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना यातलं बरंचसं ठाऊक असतं, निदान आपल्याला ठाऊक आहे असं त्यांना वाटत असतं. माझी थार आहे. बदल दोनच केलेत. एक एटी (रस्ता आणि माती दोन्हींवर चालणारे) टायर आणि दुसरं पुढे-मागे चॅसिसला बोल्टने पक्के केलेले रिकव्हरी हूक, म्हणजे रुतलेली गाडी ओढायचे आकडे. हूक का बसवले ते पुढे सांगतो, त्यात माझी अब्रू गेलेली आहे.

जायचं कुठे

खानापूर तालुक्याचा नकाशा उघडला की सगळीकडे हिरवं दिसतं आणि हात शिवशिवायला लागतात. त्या हिरव्यातला मोठा तुकडा भीमगड अभयारण्याचा आहे. २०११ साली ते जाहीर झालं, क्षेत्र साधारण १९० चौरस किलोमीटर. तिथल्या बारापेडे गुहांमधलं रॉटनचं वटवाघूळ जगात अगदी मोजक्या ठिकाणी सापडतं. अभयारण्याच्या किंवा राखीव जंगलाच्या वाटेवर परवानगीशिवाय गाडी घातली तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९६३ चा कर्नाटक वन कायदा आहेच. मोबाईलच्या नकाशात रेघ दिसते म्हणून ती वाट आपली होत नाही. या बाबतीत मी कुणाशी वाद घालत बसत नाही. जंगलात गाडी नको, विषय संपला.

मग उरतं काय? भरपूर उरतं. गावांच्या पाणंदी, गायरानाचे माळ, बंद पडलेल्या चिऱ्याच्या खाणी, नदीकडे उतरणाऱ्या गाडीवाटा. खाण असो वा शेत, मालकाला आधी विचारायचं, आणि फोनवर नाही, गावात जाऊन. पाणंद ही शेतकऱ्याची वहिवाट असते. आपण मजेसाठी तिच्यात फूटभर चाकोऱ्या पाडल्या तर दुसऱ्या दिवशी खताची बैलगाडी तिथेच अडते. निघताना आपण पाडलेले चर खोऱ्याने बुजवायचे. हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या वेळी त्याच गावात तुम्हाला चहा मिळेल की शिव्या, हे त्यावर ठरतं.

गाडीत बदल करताना एवढं लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीचं मूळ स्वरूप मनाप्रमाणे बदलता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. पुढच्या लोखंडी बुल बारवर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे. आपल्याकडे एका दिवसात कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशा तीन राज्यांच्या चौक्या लागू शकतात. प्रत्येक चौकीवर तीच कथा सांगत बसण्यापेक्षा गाडी साधी ठेवलेली बरी.

माती बघायची कशी

तांबड्या मातीची तीन रूपं आहेत. कोरडा उघडा जांभा हे सगळ्यांत चांगलं. दगड खरखरीत, भोकाभोकांचा, त्यावर रबर घट्ट धरतं. मात्र त्याच्या कडा धारदार असतात आणि टायरची बाजू कापायला त्यांना एक क्षण पुरतो. दुसरं रूप मुरमाचं. टणक जमिनीवर वाटाण्याएवढे गोल लोहखडे पसरलेले असतात. चढावर ते बेअरिंगच्या गोळ्यांसारखे चाकाखालून पळतात आणि उतारावर ब्रेक दाबला की गाडी त्यांच्यावर बसून खाली जाते. तिसरं रूप पावसातल्या सड्याचं, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाचं. वरून सपाट, दिसायला रस्त्याहून बरा, पण आषाढ-श्रावणात त्यावर शेवाळ धरतं. तिथे माणूस चालताना पडतो, मग गाडीचं काय घेऊन बसलात.

भाताच्या खाचराची गंमत वेगळी. वर्षानुवर्षं चिखलणी करून नांगराच्या फाळाखाली एक घट्ट थर तयार झालेला असतो. पाणी त्यातून झिरपत नाही, म्हणून तर भात पिकतं. याचा अर्थ असा की चाक रुतलं तरी त्या थरावर जाऊन टेकतं. काठी खुपसून बघा. वीतभर गेल्यावर काठी ठक्क करून थांबली आणि गाडीचं पोट त्याच्या वर राहत असेल तर सावकाश निघता येतं. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०, म्हणजे साधारण एक वीत. काठी त्याहून खाली गेली तर प्रयोग करू नका. आणि हे सगळं सुगी झाल्यावरच, तेही मालक हो म्हणाला तर. उभ्या पिकात आणि बांधावर चाक घालणाऱ्याशी माझी ओळख नाही.

काळ्या मातीला असा तळ नसतो. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरते, मडगार्डात जाऊन बसते आणि दहा मीटरमध्ये तुमचा खास चिखलासाठीचा महागडा एमटी टायर गुळगुळीत गोळा होऊन जातो. तिथे लो रेंज (वेग कमी, जोर जास्त देणारे गिअर), डिफ लॉक (एका एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), चाळीस हजारांचे टायर, कशाचंही काही चालत नाही. थांबणं हाच उपाय. किती थांबायचं ते शेतकऱ्याला बरोबर कळतं, त्याच्याकडे त्याला शब्दही आहे, वाफसा. मूठभर माती घ्या, आवळा, कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाका. लाडू फुटला तर वाफसा आला. तसाच गोळा पडून राहिला तर घरी जा. पेरणीसाठी केलेली ही परीक्षा गाडीलाही लागू पडते. तांबड्या मातीत उघडीप मिळाली तर एक-दोन दिवसांत काम होतं. काळ्या रानात तेवढ्याच पावसाला तीन-चार दिवस, कधी आठवडाही लागतो.

पंचांग बघायची सवय असेल तर बरंच. मे महिन्याच्या वळवानंतरचे दोन दिवस शिकायला छान, माती ओली पण तळ घट्ट. मृग लागला की पश्चिमेकडे सांभाळून, आर्द्रा ते आश्लेषा या काळात फक्त ओळखीच्या वाटा. दिवाळीनंतर भात कापून झालं की खरा हंगाम.

हवा कमी करा, मग बाकीचं

एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. पक्क्या रस्त्यावर ३२-३५ पीएसआय हवा असते. कच्ची वाट सुरू झाली की उतरून ती २२ वर आणायची. टायर जमिनीवर लांबट पसरतो, दगडाभोवती वाकतो, धक्के पितो. गाडी एकदम वेगळीच वाटायला लागते. खोल चिखलात १८ पर्यंत, आणि अगदीच अडला तर १५. त्याखाली गेलात तर वळताना टायर रिममधून सुटू शकतो आणि मग चिखलात गुडघ्यांवर बसून काय करायचं ते आपापलं बघा.

जांभ्याच्या धारदार कडांवर मात्र मी २४-२५ च्या खाली जात नाही. हवा जितकी कमी तितकी टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि तीच कापली जाते. ट्रेडला, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागाला, पडलेलं भोक मश्रूमची काडी घालून बुजवता येतं, बाजूच्या चिरेला काही औषध नाही.

कमी हवेत वेग तीस-चाळीसच्या वर नको आणि डांबरावर आल्याआल्या हवा भरायची. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि मीटर गाडीत हवाच. मोठा कंप्रेसर सिगारेट सॉकेटवर लावू नका, फ्यूज जातो. चिमटे थेट बॅटरीला लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं. जांबोटीला पंक्चरवाला भेटेल, तो हवा भरून देईल, या भरवशावर मीही एकदा गेलो होतो. त्या दिवशी त्याच्याकडे वीज नव्हती.

गिअर आणि पाय

आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्ह आहेत. म्हणजे पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना घट्ट जोडला जातो, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, नसतो. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, हा फरक मातीत चाक थोडं घसरून मिटतो. कोरड्या डांबरावर तो मिटत नाही, सगळी मशिनरी पिळली जाते. लिव्हर जॅम झाला, पुन्हा टू एचमध्ये, म्हणजे दोनच चाकांवर, येत नाही, अशा तक्रारी बहुतेक यामुळेच. तसं झालं तर सरळ रेषेत थोडं मागे-पुढे करा, सुटतो.

वाट अवघड दिसली की आधीच थांबून, न्यूट्रलला घेऊन फोर एल, म्हणजे चारही चाकं आणि लो रेंज, टाकायचं. रुतल्यावर टाकलेला फोर एल म्हणजे वरात आल्यावर घातलेला मांडव. जुन्या गाडीत चाकांच्या हबवर फ्री-व्हीलची चकती असेल तर ती घरातून निघण्यापूर्वी फिरवून बघा, नाहीतर लिव्हर ओढूनही पुढची चाकं नुसती बघत बसतात.

कुठला गिअर? दगडात आणि खडकाळ उतारावर लो रेंजचा पहिला. चिखलात दुसरा, कधी तिसरा, कारण तिथे चाक फिरतं राहिलं तरच खाचांतली माती बाहेर फेकली जाते. दगडात मात्र चाक फिरलं की ते आधी दगड उपटतं आणि मग टायर फाडतं. क्लचवर पाय ठेवून गाडी लोंबकळत ठेवायची सवय शहरातल्या ट्रॅफिकने आपल्याला लावलेली आहे, ती इथे मोडा. लो रेंजच्या पहिल्यात पाय पूर्ण काढला तरी गाडी बैलासारखी आपल्या चालीने चालते. स्टिअरिंगला अंगठे आत अडकवू नका. दगडावर चाक आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा मोडतो.

चढ

चढाच्या तोंडाशी गाडी उभी करा आणि पायी वर जा. वर काय आहे, वळण की कडा, हे खालून दिसत नाही. कुठे थांबलात तर मागे येता येईल तेही बघून ठेवा. मग सरळ रेषेत, एकाच गिअरमध्ये, लागेल तेवढाच वेग घेऊन. जोर खाली लावायचा, माथा जवळ आला की पाय सैल करायचा, नाहीतर पलीकडे काय आहे ते हवेतून बघावं लागेल.

चढ जमला नाही तर पुढे काय, हे चढण्याआधी पाठ असलं पाहिजे. अपघात होतात ते नेमके इथे. गाडी बंद पडली की लोक घाबरून क्लच दाबतात, गाडी मागे सुटते, स्टिअरिंग फिरतं, गाडी उताराला आडवी होते आणि उलटते. करायचं ते असं. ब्रेक घट्ट, हँडब्रेक वर. क्लच दाबून रिव्हर्स टाका, इंजिन सुरू करा. क्लच पूर्ण सोडा आणि मग ब्रेक हळूहळू सोडत इंजिनच्या जोरावर सरळ मागे या. आरशात बघू नका, मान वळवून बघा, नाहीतर खाली उभ्या माणसाचं ऐका. चढावर गाडी वळवायचा मोह कितीही झाला तरी वळवायची नाही.

उतारालाही हेच. लो रेंजचा पहिला, क्लचवरून पाय बाजूला, सरळ खाली. मागचा भाग एका बाजूला सरकायला लागला तर ब्रेक दाबावासा वाटतो. तो न दाबता क्षणभर किंचित ॲक्सिलरेटर द्या, चाकं पुन्हा फिरायला लागतात आणि गाडी सरळ होते. मन मानत नाही, पण करून बघा, आधी छोट्या उतारावर.

चाकोरी आणि हवेतलं चाक

पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल असतात आणि ट्रॅक्टरचं पोट आपल्या गाडीहून बरंच उंच असतं. त्यामुळे मधली वरवंडी डिफरन्शियलला लागणार का ते आधी खाली वाकून बघा. लागणार असेल तर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून चालवायचं. इथे गाडीचा आकार कळतो, म्हणजे नाक, शेपूट किंवा पोट न टेकवता ती किती अंशांचा उंचवटा ओलांडते तो कोन. पाचदारी जिम्नीचा मागचा कोन ४७ अंश, पुढचा ३६, पण पोटाचा २४ च. तीनदारी थारचा पोटाचा कोन २७. म्हणजे बांध ओलांडताना जिम्नीचं नाक आणि शेपूट सुटतं, पोट टेकतं. अशा ठिकाणी पायऱ्यांसारखे दोन-तीन चिरे रचून घेतले की काम भागतं.

आडव्या चरातून तिरकं जाताना कर्णातली दोन चाकं, पुढचं एक आणि मागचं विरुद्ध बाजूचं, हवेत तरंगतात आणि गरागरा फिरतात, जमिनीवरची दोन ढिम्म. साधा डिफरन्शियल सगळी ताकद सोप्या बाजूला देतो, म्हणून असं होतं. थारच्या काही मॉडेलांत मागे आपोआप लागणारा यांत्रिक लॉक आहे. दोन चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडला की तो खट्ट करून बसतो. तोवर चाक थोडं फिरू द्यावं लागतं, घाबरून पाय काढला तर तो लागतच नाही. गुरख्यात पुढे-मागे दोन्ही लॉक हाताने लावता येतात, ते चर सुरू होण्याआधी लावावेत आणि वळण्याआधी सोडावेत. जिम्नीत हे काम ब्रेक करतो. फिरणारं चाक आपोआप धरलं जातं, पण तीन-चार सेकंद स्थिर ॲक्सिलरेटर देत थांबावं लागतं. जिप्सीत यातलं काही नाही. तिथे डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून उजव्याने रेस द्यायची जुनी युक्ती चालते.

पाणी

मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला वाहते, म्हादई याच खानापूर तालुक्यात उगम पावून पश्चिमेला गोव्याकडे जाते. या दोन्हींना मिळणारे पन्नास ओहोळ-नाले वाटेत येतात. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटमाथ्यावर कोसळत असेल तर तासाभरात पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढं ओलांडलेलं पाणी संध्याकाळी मांडीएवढं झालेलं मी पाहिलंय. त्या रात्री पलीकडच्या गावात मुक्काम झाला, भाताबरोबर कुळथाचं पिठलं मिळालं, तक्रार नाही.

नियम एकच, जिथे तुम्ही चालत जाऊ शकत नाही तिथे गाडी न्यायची नाही. बांबूची काठी घेऊन, पायात बूट ठेवून, पलीकडे जाऊन या. पाणी गढूळ असेल आणि फरशीच्या कडा दिसत नसतील, किंवा गुडघ्याला पाण्याचा ओढा जाणवत असेल तर परत फिरा. थारची पाण्यातली मर्यादा ६५० मिलिमीटर, गुरख्याची ७००, पण हे आकडे संथ पाण्यासाठी. वाहतं पाणी गाडीला बाजूने ढकलतं आणि आत हवा असल्याने गाडी तरंगायलाही लागते.

जायचं ठरलं तर लो रेंजचा दुसरा गिअर, माणसाच्या भरभर चालण्याएवढा वेग, पुढे एक छोटी लाट राहील असा. मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पाच हजारांच्या कामाचं लाखभराचं होतं. ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून बघा, ओला असेल तर मेकॅनिक येईपर्यंत हात लावू नका. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलका दाबून सुकवा.

रुतली तर

आता माझी गोष्ट. ऑगस्टमधला रविवार, जांबोटीच्या अलीकडची एक पाणंद, आदल्या रात्री पाऊस. समोर तीस मीटर चिखल. मी उतरलो नाही, काठी घेतली नाही, हवा ३२ वरच. "जातेय की" म्हटलं आणि घातली. वीस मीटर गेली. मग चाकं फिरायला लागली आणि मी जो गाढवपणा करायला नको तोच केला, आणखी रेस दिली. अर्ध्या मिनिटात चारही चाकं खड्ड्यात आणि गाडी पोटावर बसली, विळीच्या पाटासारखी.

एक काका खांद्यावर घोंगडं टाकून बांधावर उभे होते. "कुठनं आलासा पावणं?" म्हटलं, बेळगावातनं. "दोन दिस दम धरला असता तर काय बिघडलं असतं?" एवढंच बोलून ते ट्रॅक्टर आणायला गेले. साखळी आणली, मी ती पुढच्या बम्परखालच्या कडीत अडकवली, ट्रॅक्टरवरच्या पोराने झटका दिला. कडी कागदासारखी वाकली आणि साखळी सुटून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आपटली. पोराच्या पाठीपासून हातभर अंतरावर. ती कडी गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी होती, ओढण्यासाठी नव्हतीच. हूक बसवले ते त्यानंतर.

तर क्रम असा. चाक फिरलं आणि गाडी पुढे सरकली नाही की लगेच पाय काढा. ज्या चाकोरीतून आलात तिथूनच मागे यायचा एक प्रयत्न. नाही जमलं तर उतरा, हवा १५ वर आणा, खोऱ्याने चाकांपुढची आणि पोटाखालची माती काढा. बहुतेक गाड्या पोटाखालच्या मातीने अडतात आणि आपण चाकांपुढेच उकरत बसतो. मग चाकांखाली ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या फळ्या), ते नसतील तर चिरे, फांद्या, ओलं गोणपाट. सुकी पिंजर चाकाखाली घालतात लोक, पण गाडीचा सायलेन्सर तापलेला असतो आणि पिंजर पेटते, म्हणून ती भिजवून घ्या.

दुसऱ्या गाडीने ओढायचं तर दोर कुठला ते महत्त्वाचं. साखळीने आणि वायर रोपने झटका द्यायचा नाही, ताण हळू द्यायचा. झटका देऊन काढायची तर नायलॉनचा ताणला जाणारा कायनेटिक दोर हवा, नऊ-दहा मीटरचा, गाडीच्या वजनाच्या तीन-चार पट ताकदीचा. जोडायला ४.७५ टनांचा शॅकल (आडव्या पिनेची लोखंडी कडी) किंवा दोराचाच सॉफ्ट शॅकल. मागच्या टो बॉलला दोर कधीही अडकवू नका, तो गोळा तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत येतो. दोराच्या मधोमध जाड काहीतरी टाकायचं, म्हणजे दोर तुटला तरी हवेत उसळण्याऐवजी खाली पडतो. आपल्याकडे त्यासाठी घोंगडीसारखी दुसरी चीज नाही, ओली केली तर अधिकच चांगली. बाकीच्या माणसांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, तेही बाजूला उभं राहायचं. मोबाईलवर शूटिंग करणाऱ्यांनीसुद्धा.

खुणा

अवघड जागी एकच माणूस सांगणार आणि ड्रायव्हर फक्त त्याचंच ऐकणार. आपल्या भागात यात एक खास घोळ आहे. गटात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे असतात. कन्नडमध्ये डावीकडे म्हणजे एड, उजवीकडे म्हणजे बल. धारवाडकडचा एक मित्र समोरून कळकळीने "एड, एड!" ओरडत होता आणि आमचा ड्रायव्हर काच खाली करून विचारत होता, येडा कोण? तोवर डावं चाक चरात गेलं होतं. तेव्हापासून तोंड बंद, हातांनी खुणा. हात जिकडे तिकडे स्टिअरिंग, डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरचं, मूठ वर म्हणजे जागच्या जागी थांब. सांगणाऱ्याने गाडीच्या उताराकडच्या बाजूला कधीही उभं राहायचं नाही.

निघताना घरी वाट आणि परतायची वेळ सांगून निघा, जांबोटीच्या पुढे मोबाईलची रेंज भरवशाची नाही. दोन गाड्या असाव्यात. एकट्यानेच जायचं असेल तर पायी चालून परत येता येईल एवढंच आत जा. इंधनाचा हिशोब लो रेंजमध्ये किलोमीटरवर धरू नका, तासांवर धरा. आणि अंधार पडायच्या आत डांबरावर या, जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर तिन्हीसांजेला गवे आडवे येतात.

घरी आल्यावर

तांबडा चिखल वाळला की सिमेंट होतो. त्याच दिवशी खालून पाणी मारा. रिमच्या आत अडकलेला चिखल राहिला तर दुसऱ्या दिवशी ऐंशीच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंटला पैसे घालवतात. रेडिएटरची जाळी आतून बाहेर, हलक्या धारेने धुवा, प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारलात तर पाती वाकतात. चाक हाताने फिरवून ब्रेकमध्ये खडा अडकलाय का ऐका. टायरच्या आतल्या बाजूवरून हात फिरवा, चीर डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला लागते. खोल पाण्यातून आला असाल तर दोन दिवसांनी डिफरन्शियलचा नट सैल करून तेलाचा एक थेंब बोटावर घ्या. दुधाळ दिसला तर सगळं तेल बदला आणि ब्रीदरची, म्हणजे डिफरन्शियलला हवा खेळू देणारी, नळी निसटलीय का तेही बघा.

त्या काकांकडे मी दिवाळीनंतर वाकलेली कडी घेऊन गेलो होतो, दाखवायला. त्यांनी ती ठेवून घेतली. आता गोठ्यात तिला म्हशीचं दावं बांधलेलं असतं.